बर्फाखालचं अतिविष, दलदलीतलं जायफळ

आमच्या घरी बाळगुटीचं सामान एका जुन्या पितळी डब्यात असायचं. हळकुंड, वेखंड, सुंठ, हिरडा, मुरुडशेंग, काकडशिंगी, जायफळ, आणि तळाशी कागदाच्या पुडीत जपून ठेवलेलं अतिविष. आजी सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून एकेक जिन्नस उगाळायची. प्रत्येकाचे वेढे ठरलेले असत. अतिविषाचा तुकडा करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, राखाडी सालीचा, आतून पांढरा. तो उगाळला की सहाणेवर पिठासारखा गंध उतरायचा. तान्ह्या बाळाला बाळगुटी द्यावी का, याबद्दल आजचे बालरोगतज्ज्ञ वेगळं सांगतात आणि त्यांचंच ऐकावं. मला आज सांगायचं आहे ते त्या तुकड्याबद्दल, कारण तो तुकडा म्हणजे हिमालयातल्या एका झाडाचा अख्खा जीव होता.

अतिविष, शास्त्रीय नाव ॲकोनिटम हेटेरोफायलम, पश्चिम हिमालयात साधारण अडीच हजार मीटर उंचीपासून वर, कुरणांच्या पट्ट्यात उगवतं. निळसर, जांभळ्या शिरांची फुलं येतात. आपण वापरतो तो त्याचा जमिनीखालचा कंद. कंद खणला की झाड गेलं. पुढचं झाड यायचं तर बी पडायला हवं, आणि बी पिकतं शरद ऋतूत. खणणारी माणसं पुष्कळदा त्याच्या आधीच कुदळ घेऊन पोचलेली असतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत अतिविष आज ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेलं आहे.

मग बी गोळा करावं आणि लावावं, हा साधा उपाय कुणालाही सुचेल. अडचण तिथेच सुरू होते. अतिविषाचं ताजं बी उबदार खोलीत, ओल्या टिपकागदावर ठेवलं, तर दिवसामागून दिवस जातात आणि काही होत नाही. बी फुगतं, पाणी पितं, आणि तसंच पडून राहतं. आपण मेथी भिजवतो, मटकीला मोड आणतो, तेव्हा ऊब आणि ओल मिळाली की बी रुजतं ही समजूत पक्की होते. रानातल्या वनस्पतींच्या बाबतीत ती फार लवकर मोडते.

कारण सोपं आहे. शरदात पिकून पडलेलं बी लगेच रुजलं, तर कोवळं रोप पहिल्या बर्फातच मरेल. म्हणून ते बी हिवाळा पुरता भोगल्याशिवाय हलत नाही. बर्फाच्या जाड थराखाली माती गोठणबिंदूच्या आसपास राहते, ओलही असते. त्या ओल्या थंडीत काही आठवडे, काही महिने गेले की बियांच्या आतला अडसर हळूहळू सुटतो. बर्फ वितळून माती किंचित कोमट झाली की मोड बाहेर येतो. प्रयोगशाळेत हेच करायचं तर बी ओलसर वाळूत मिसळून शून्य ते दहा अंश सेल्सिअसच्या दरम्यान, बहुतेक वेळा पाच अंशांच्या जवळपास, ठेवतात. यात ‘ओलसर’ हा शब्द महत्त्वाचा. कोरडं बी वर्षभर शीतकपाटात ठेवलं तरी त्याला हिवाळा झाल्याचं कळत नाही. पाणी प्यायलेलं बीच थंडी मोजतं.

या मोजण्यामागे दोन संप्रेरकांची ओढाताण असते. अ‍ॅब्सिसिक आम्ल बियांना थांबवून धरतं, जिबरेलिन पुढे रेटतं. ओल्या थंडीत पहिल्याचा जोर उतरतो, दुसऱ्याचा वाढतो. म्हणूनच प्रयोगशाळांत जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बी भिजवून हिवाळ्याला वळसा घालता येतो का, हे पाहतात. काही जातींत तो जमतो, काहींत नाही. अतिविष ज्या कुळातलं आहे, त्या मोरवेल-बचनागाच्या कुळात आणखी एक गोष्ट पुष्कळदा दिसते. झाडावरून बी गळतं तेव्हा त्यातला गर्भ अजून पुरता वाढलेलाच नसतो. बी भलंमोठं दिसलं तरी आत गर्भ एका कोपऱ्यात कणभर असतो आणि बाकी सगळा साठवलेल्या अन्नाचा गर. तो गर्भ आधी बियांच्या आतच वाढायला हवा, मग मोडाची गोष्ट. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त न उगवलेलं बी दिसतं, आणि तो म्हणतो, बी खराब निघालं.

हेच वाक्य मला खुपतं. दुर्मीळ वनस्पतींची किती बियाणी या एका वाक्यानं कचऱ्यात गेली असतील, याचा विचार केला की जीव कळवळतो.

आपल्या शेतकऱ्यांना ही झोप अगदीच अनोळखी नाही. उपट्या भुईमुगाच्या शेंगा काढणीला उशीर झाला आणि पाऊस आला की जमिनीतच त्यांना कोंब फुटतात. पसऱ्या भुईमूग मात्र गप्प राहतो, कारण त्याच्या बियांना काही आठवड्यांची विश्रांती ठरलेली असते. पण एकूण पिकांच्या बियांतून हा गुण माणसानं हजारो वर्षांच्या निवडीत काढूनच टाकला आहे. पेरलं की सगळं एकदम उगवावं, ही आपली गरज. त्याची किंमत आपण मोजतो ती दुबार पेरणीत. रोहिणीच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरींवर पेरणी होते, पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारतो आणि उगवलेलं सगळं रान करपतं. रानातल्या बियांना ही चूक परवडत नाही. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पेरायला कुणी येणार नसतं. म्हणून एकाच झाडाच्या बियांतही काही या वर्षी रुजतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. आणि एप्रिल-मे महिन्यातल्या वळिवाच्या सरीला भुलायचं नाही, ही खबरदारी त्यांच्या अंगातच भरलेली असते.

सह्याद्रीच्या सड्यांवर ही खबरदारी उलट दिशेनं चालते. कास, पाचगणी, आंबोली, चौकुळ इथले जांभ्याचे सडे पावसाळ्यात फुलांनी झाकले जातात, आणि मे महिन्यात त्याच कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. तिथली बरीचशी रोपं एकाच पावसाळ्याची सोबती असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकून ती वाळून जातात आणि पुढचे सहा-सात महिने ती जात म्हणजे कातळाच्या खाचेतल्या चिमूटभर मातीत पडलेलं बी, बस. अशा पावसाळी-उन्हाळी हवामानात वाढणाऱ्या पुष्कळ वार्षिक रोपांचं आणि गवतांचं ताजं बी पाणी दिलं तरी रुजत नाही. कोरडा, कडक उन्हाळा सोसला की मात्र त्याची झोप उडते. हिमालयात ओली थंडी जे काम करते, ते इथे कोरडी उष्णता करते. म्हणजे सड्यावरचं बी गोळा करून, त्याची काळजी वाटते म्हणून कुणी ते वातानुकूलित खोलीत जपून ठेवलं आणि जूनमध्ये पेरलं, तर ते कदाचित रुजणारच नाही. त्याला त्याचा वैशाख मिळालेला नसतो.

बाळगुटीच्या डब्यातली मुरुडशेंग तिसऱ्याच तऱ्हेची. पीळ पडलेली ती शेंग वाळली की हलवून बी झडतं. बियांचं कवच इतकं टणक की पाणीच आत शिरत नाही. बहावा, बाभूळ यांचंही तेच. इथे प्रश्न संप्रेरकांचा नाही, बंद दाराचा आहे. दिवसा तापणारी आणि रात्री निवणारी माती, वणव्याची धग, जनावराच्या पोटातले रस, यांनी ते दार किलकिलं होतं. रोपवाटिकेत बहाव्याचं बी उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवतात ते याचसाठी. माळरानावर शेळ्यांच्या वाड्याजवळ बाभळीची रोपं दाटीनं येतात तीही याचसाठी. मुरुडशेंग काही दुर्मीळ नाही, म्हणून तिच्यापाशी फार थांबत नाही. पण डब्यातल्या चार जिनसांची चार वेगळी गणितं असतात, हे ध्यानात यायला ती उपयोगी पडते.

आता उजेडाकडे येऊ, कारण मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की बी पाहू शकतं. डोळ्यांनी नव्हे, पण उजेड आहे की नाही, आणि आहे तर तो कुठल्या रंगाचा, एवढं त्याला नक्की कळतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल इथे कृषी खात्याचं संशोधन केंद्र आहे. तिथे हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली लेट्यूसच्या, म्हणजे सॅलडच्या पानांच्या, बियांवर केलेला प्रयोग आज वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. ओल्या बियांवर लाल उजेड पाडला की बहुतेक सगळं बी रुजायचं. लाल उजेडानंतर लगेच अतिलाल, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा उजेड पाडला की बहुतेक बी गप्प बसायचं. मग त्यांनी लाल, अतिलाल, लाल, अतिलाल असा क्रम कितीतरी वेळा फिरवून पाहिला. आधी काय काय झालं याला काही महत्त्व नव्हतं. शेवटचा झोत लाल असेल तर बी रुजे, अतिलाल असेल तर नाही. एखादं बटण खालीवर करावं तसं. ते बटण म्हणजे फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. सुमारे ६६० नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्याला एका रूपात आणतात, ७३० च्या आसपासच्या लहरी परत दुसऱ्या रूपात नेतात.

रानात याचा अर्थ काय, ते एखाद्या दाट झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की समजतं. हिरवी पानं लाल उजेड शोषून घेतात आणि अतिलाल बराचसा खाली सोडतात. म्हणजे झाडाच्या सावलीत पडलेल्या बियांपर्यंत पोचतो तो गाळलेला उजेड, ‘थांब’ म्हणणारा. वरचं झाड उन्मळून पडलं, मोकळं आकाश दिसलं, की तोच उजेड ‘चल’ म्हणू लागतो. आणि मातीत खोल गाडलेल्या बियांना काहीच दिसत नाही. राईएवढ्या, खसखशीएवढ्या बियांजवळ शिदोरी ती केवढी! दोन-चार मिलिमीटर मातीतून वर येईपर्यंत ती संपते. बोटभर खोलीवरून असं बी निघालं तर वाटेतच मरेल. म्हणून लहान बियांच्या जातींमध्ये उजेडाची अट जास्त आढळते, मोठ्या बियांमध्ये कमी. वालाला किंवा फणसाच्या आठळीला उजेडाची पर्वा नसते, त्यांची शिदोरी भरलेली असते.

शेत नांगरलं की आठवड्याभरात तणाची हिरवी साय का धरते, याचंही उत्तर इथेच आहे. नांगराचा फाळ माती उलटतो तेव्हा गाडलेल्या बियांना क्षणभर उजेड दिसतो आणि ती पुन्हा झाकली जातात. काही बियांना तेवढाही क्षण पुरतो. १९९० साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रात्रीच्या अंधारात नांगरलेल्या पट्ट्यात तण अगदीच नगण्य उगवलं, दिवसा नांगरलेल्या पट्ट्यात रान माजलं. नंतरच्या प्रयोगांत दर वेळी इतका मोठा फरक दिसला नाही, कारण तणांच्या जाती आणि ऋतू बदलले की हिशेब बदलतो. पण तत्त्व खरं ठरलं.

विल्यम जेम्स बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत ओलसर वाळूबरोबर वेगवेगळ्या तणांचं बी भरून त्या जमिनीत पुरल्या. बी मातीत किती वर्षं जिवंत राहतं हे त्याला पाहायचं होतं. त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या संशोधक ठरल्या वर्षी एकेक बाटली उकरत आले आहेत. २०२१ मध्ये, १४२ वर्षांनी, एक बाटली निघाली आणि तिच्यातलं व्हर्बॅस्कम या वनस्पतीचं बी रुजलं. मला त्यातली एक साधी गोष्ट फार आवडते. ही बाटली पहाटेच्या अंधारात उकरतात, सूर्य उगवायच्या आत, उजेडाचा किरणही बियांना आधी लागू नये म्हणून. ज्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली, त्यांच्या बाबतीत एवढा मान राखायलाच हवा.

उजेडाची अट दुर्मीळ झाडांच्या बाबतीत जीवनमरणाची कशी होते, याचं उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. कासला पांढऱ्या बोंडांचे ताटवे दिसतात त्या गेंदाच्या कुळातल्या काही जाती मिनास जेराइस राज्यातल्या दियामंतिना भागात डोंगरमाथ्यांवरच्या खडकाळ कुरणांत उगवतात. वाळल्यावरही त्यांच्या फुलांचा रंग-रूप टिकतं, म्हणून त्यांना ‘सेम्प्रे-व्हिव्हा’, सदाजिवंत, म्हणतात आणि सजावटीसाठी त्या पोत्यांनी खुडल्या गेल्या. फुलाबरोबर बी जातं. सिंगोनॅन्थस एलेगन्स ही त्यातली सर्वांत मागणीची, आता संकटात असलेली जात. तिच्या धुळीसारख्या बियांवर ब्राझीलच्या संशोधकांनी काम केलं तेव्हा दिसलं, की अंधारात ते बी रुजतच नाही. उजेड मिळाला आणि तापमान वीस-तीस अंशांच्या दरम्यान असलं की चांगलं रुजतं. म्हणजे ते बी कुरणात पसरताना कुणी प्रेमानं मातीखाली दाबलं तर सगळी मेहनत वाया. ते उघड्यावर, खडकाच्या वाळूवर नुसतं भुरभुरायचं.

आणि याच्या अगदी उलट, अंधाराची अट असणारीही झाडं आहेत. इंग्लंडमधलं लेडीज स्लिपर ऑर्किड १९१७ च्या सुमारास नामशेष झाल्याचं मानलं गेलं होतं. १९३० मध्ये यॉर्कशरच्या डोंगराळ भागात त्याचं एकच झाड सापडलं. जागा कित्येक दशकं गुप्त ठेवली, त्याच्याभोवती पहारा बसवला. १९८३ पासून क्यू इथल्या वनस्पती उद्यानानं ते बियांपासून वाढवायचा ध्यास घेतला. ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ धूळ, त्यात शिदोरी शून्य. निसर्गात एखादी बुरशी त्याला भरवते. प्रयोगशाळेत बुरशीऐवजी पोषक द्रावणाची जेली वापरली. पण पिकलेलं बी हट्टानं झोपून राही, म्हणून शेंग हिरवी असतानाच बी काढावं लागलं. ते अंधारात ठेवावं लागलं. मोड आल्यावर रोपांना पुन्हा काही आठवडे हिवाळ्याची थंडी द्यावी लागली, तेव्हा कुठे पान वर आलं. परत लावलेल्या रोपांपैकी पहिल्याला फूल आलं ते २००० साली, लागवडीनंतर अकरा वर्षांनी. कधी अंधार, कधी थंडी, कधी उजेड, हे क्रमानं कळायलाच इतकी वर्षं गेली.

तापमान आणि उजेड हे दोन वेगळे धागे असल्यासारखं मी लिहीत आलो, पण बियांच्या आत ते एकत्र वळले जातात. उघड्या जमिनीचा वरचा थर दिवसा तापतो, रात्री गार पडतो. वीतभर खाली गेलं की हा चढउतार फार कमी होतो, झाडीच्या सावलीतही तो कमीच. म्हणून काही बियांना एकच स्थिर तापमान कितीही दिवस दिलं तरी ती रुजत नाहीत; दिवसा तीस अंश आणि रात्री वीस, असं मागेपुढे केलं की लगेच मोड येतो. त्या चढउतारातून बियांना कळतं, आपण पृष्ठभागाजवळ आहोत आणि डोक्यावर झाडी नाही. कित्येक जातींत योग्य चढउतार मिळाला तर उजेडाची अट सैल होते, किंवा थंडी सोसलेल्या बियांना उजेड थोडा कमी पुरतो.

हे शोधून काढायचं काम प्रत्यक्षात किती चिकाटीचं असतं, ते बघायला मिळालं तर जरूर बघा. काचेच्या बशीत ओला टिपकागद, त्यावर मोजून पंचवीस बी. अशा चार बश्या म्हणजे एक परीक्षा. तशा चार बश्या उजेडात, चार ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदात दुहेरी गुंडाळून अंधारात. हाच खेळ दहा अंशांवर, पंधरावर, वीसवर, पंचवीसवर, तीसवर, आणि मग चढउताराच्या कपाटांत. अंधारातल्या बश्या उघडायच्या त्या मंद हिरव्या दिव्यात, कारण हिरवा उजेड बियांना सर्वांत कमी जाणवतो. दीड-दोन मिलिमीटर मूळ बाहेर आलं की ते बी रुजलं असं धरून चिमट्यानं बाजूला काढायचं. रोज, किंवा दिवसाआड, महिनोन्‌महिने. सामान्य पिकाच्या बाबतीत हे सोपं, बी पोत्यानं मिळतं. पण ज्या जातीची रानात मोजकीच झाडं उरली आहेत, तिचं शंभर बी अशा परीक्षेत घालायचं म्हणजे हात थरथरतो. एक चुकीचा प्रयोग म्हणजे एक वर्षाचं पीक गेलं.

शेवटी जे बी रुजलं नाही, ते लगेच फेकायचं नाही. ते कापून पाहायचं. गर्भ पांढरा, घट्ट असेल तर आशा आहे. करडा, मऊ पडला असेल तर संपलं. आणखी खात्री हवी तर टेट्राझोलियमच्या बिनरंगी द्रावणात ते कापलेलं बी ठेवतात. काही तासांत जिवंत भाग लाल होतो, मेलेला तसाच राहतो. ज्या बियांना सगळ्यांनी मेलेलं ठरवलं, त्यांच्या पोटात तो लालसर गर्भ उमटताना पाहणं, यासारखा दुसरा दिलासा नाही.

बीजपेढ्यांचं सगळं काम याच परीक्षेवर उभं आहे. इंग्लंडमध्ये वेकहर्स्ट इथली मिलेनियम सीड बँक २००० साली उघडली आणि तिच्यात आज सुमारे ४० हजार जातींचं बी आहे. बी आधी कोरड्या, गार खोलीत सुकवतात आणि उणे २० अंशांत ठेवतात. ढोबळ नियम असा, की बियांतला ओलावा एक टक्का कमी झाला किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ठरावीक वर्षांनी थोडं बी काढून रुजवून पाहतात. रुजवायची रीत माहीत नसेल तर ही परीक्षा कशी घेणार? डबा भरलेला आहे, लेबल आहे, आत जीव आहे की नाही कुणास ठाऊक, अशी गत होते.

आणि काही बी या पेढीत जाऊच शकत नाही. इथे मी पुन्हा आजीच्या डब्याकडे येतो, त्यातल्या जायफळाकडे. आपण उगाळतो ते जायफळ हे एक बी आहे, पण मेलेलं. ते सुकवलं त्याच दिवसांत त्याचा जीव गेलेला असतो. जायफळाचं रोप करायचं तर फळ तडकल्याबरोबर ओलं बी ओल्या मातीतच जायला हवं. फणसाची आठळी, आंब्याची कोय, कोकमाचं बी, सगळी याच जातकुळीतली. पावसाळी जंगलात पडलेल्या बियांना हिवाळा कधी भेटलेला नसतो आणि कोरडा काळ सोसायची सवयही नसते. त्यांना वाळवलं की ती मरतात, शीतकपाटात ठेवली तरी मरतात. अतिविषाला ज्या थंडीनं जाग येते, त्याच थंडीनं जायफळाचं बी कायमचं झोपतं.

जायफळाचे रानटी भाऊबंद पश्चिम घाटाच्या पायथ्याशी गोड्या पाण्याच्या दलदलीत राहतात. या मायरिस्टिका दलदली केरळ आणि कर्नाटकात आहेत, गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे, आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे एक देवराई. गुडघ्यासारखी वाकून चिखलातून वर आलेली मुळं, संथ वाहता ओहोळ, आणि वर दाट छत. इथली मायरिस्टिका मॅग्निफिका ही जात लाल यादीत संकटग्रस्त आहे. हिचं बी उणे २० अंशांच्या कपाटात ठेवून निश्चिंत होता येत नाही. जगातल्या बीजधारी वनस्पतींपैकी सुमारे ८ टक्के जातींचं बी असं न वाळणारं असावं, असा २०१७ सालचा अंदाज आहे. अतिसंकटग्रस्त जातींत हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या घरात जातं. गर्भाचा कोवळा दांडा तेवढा काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत, गोठवून ठेवायचे प्रयत्न चालतात. पण आजमितीला अशा जातींची खरी बीजपेढी म्हणजे ती दलदलच. हेवाळ्याच्या लोकांनी देवाच्या नावानं ती राई राखली, म्हणून ती पेढी अजून उघडी आहे. ओहोळाचं पाणी वळवलं, वरचं छत विरळ झालं, तर मातीचं तापमान आणि ओल दोन्ही बदलतील, आणि तिथे पडणाऱ्या बियांजवळ वाट पाहायला महिनाही नसेल.

अतिविषाजवळ वेळ आहे, पण त्याचा हिवाळा बदलतो आहे. बर्फाची चादर उशिरा पसरली किंवा लवकर उठली, तर ओली थंडी कमी भरते. थंडी पुरी न भरलेलं बी एक तर रुजत नाही किंवा तुरळक रुजतं. बर्फ नसेल तर मातीला उघड्यावरचा गोठवणारा गारठा लागतो, तो वेगळाच. ज्या झाडानं हजारो वर्षांच्या हिवाळ्यावरून आपलं घड्याळ लावून घेतलं, त्याला दोन-चार दशकांत ते बदलायला सांगणं फार कठोर आहे, आणि मला त्याची खरोखर भीती वाटते.

गढवालमध्ये श्रीनगर इथे उंच पर्वतीय वनस्पतींचं एक विद्यापीठीय संशोधन केंद्र आहे. तिथे आणि हिमाचलात अतिविष, कुटकी, जटामांसी यांच्या लागवडीवर काम चालतं, आणि वरच्या गावांतले काही शेतकरी ती करतातही. बी शरदात वाफ्यात टाकायचं, हलकं झाकायचं, आणि बर्फ पडू द्यायचं. हिवाळाभर काही करायचं नाही. बर्फ वितळलं की मातीवर बारीक हिरवे ठिपके दिसतात. पहिल्या वर्षी जमिनीलगत थोडी पानं, एवढंच. कंद विकण्याजोगा व्हायला आणखी तीन-चार हिवाळे जावे लागतात. काष्ठौषधींच्या दुकानात आपल्याला दहा-वीस ग्रॅमची पुडी मिळते, तिच्यातला एकेक तुकडा इतके हिवाळे काढून आलेला असतो.